लाल झाली, मऊ झाली

ते गाणं कुठंही लागलं की लोकांचे पाय हलतात आणि माझा हात आपोआप गालावर जातो. 'लाल झाली, मऊ झाली, वळ आता...' तेच ते. तुम्हाला पाठ असणार. त्यावर नाचलाही असाल, कुणाला तरी चोरून पाठवलंही असेल. लाजून लाल झालेली पोरगी आणि तिला वळून बघ म्हणणारा तिचा तो. प्रेमगीत म्हणे! कपाळ माझं. त्या गाण्यातली 'ती' म्हणजे लोखंडाची सळई आहे हो, भट्टीत लाल झालेली. आणि ते रचलंय आमच्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला प्रेमानं हाक मारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमच्या पट्ट्यातले सगळे त्यांना 'फुंकणी' म्हणायचे, कारण भट्टीचा भाता त्या ओढायच्या. मागे म्हणायचे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई ठेंगणी, मनगटं पैलवानाची, भुवया आगीनं कायमच्या जळलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर नेहमी 'काय रे?' असा भाव. भट्टी त्यांच्या वडिलांची. सासरे तिथे कामाला आले आणि घरजावई होऊन राहिले. त्यांच्या मुलीशी लग्न करून मीही तेच केलं. दोन पिढ्यांचे घरजावई एका छपराखाली, आणि दोघांवर एकच बाई. समजून घ्या.

आधी काम सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्याकडे खाणीच्या पहारी आणि ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, होतात. ऐरणीपाशी कारागीर बसतो, डाव्या हातात सांडशी, सांडशीत लाल लोखंड. समोर तीन घणवाले उभे. एकामागून एक तीन घाव पडतात आणि चौथा पडत नाही. तेवढ्यात कारागीर लोखंड उलटं करतो आणि उजव्या हातातल्या ओल्या गोणपाटानं ऐरणीवरचे जळके पापुद्रे पुसून काढतो. म्हणजे जिथे घण पडायचा तिथेच तेवढा वेळ माणसाचा हात असतो. ह्या न पडणाऱ्या घावाला आम्ही 'मोकळी' म्हणतो. समोर ठिणग्या, डोळ्यांत घाम, तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवला की संपलं. सगळं कानावर. भाता ओढणारा गातो आणि त्याच्या शब्दाला घण पडतो. आवाज तेव्हा घाव, गप्प तेव्हा हात. एवढंच आमचं शास्त्र.

सासूबाईंच्या लहानपणी गाणं नव्हतं. कुणीतरी 'हं, हं' करायचं, त्यावर चालायचं. एकदा मोकळीत एका घणवाल्याला ठसका लागला. शेजारच्याला वाटलं 'हं' म्हणाला. त्यानं घण घातला आणि सासूबाईंच्या वडिलांच्या हाताचा चेंदामेंदा झाला. हाडाचे तुकडे गोणपाटात रुतून बसले होते म्हणे, गोणपाट सोडवताना बोट सोबत आलं. जखम सडली, ताप डोक्यात चढला, आणि तो माणूस स्वतःच्या हाताला आईबहिणीवरून शिव्या घालत गेला. सासूबाई तेव्हा परकरात होत्या, भात्यापाशी. त्यांनी सगळं बघितलं. पुन्हा भट्टी पेटली तेव्हा त्यांच्या तोंडात हे गाणं होतं. 'लाल झाली'ला पहिला घण, 'मऊ झाली'ला दुसरा, 'वळ आता'ला तिसरा. आणि मग दातावर दात घट्ट.

माझा पहिला दिवस. नवा जावई, मला वाटलं मान मिळेल. "जावईबापू, घण उचला," एवढाच मान. त्यांचा आवाज ऐकला आणि मी खरंच पाघळलो हो, इतका खणखणीत. आपल्याकडे चांगलं गाणं ऐकलं की माणूस काय करतो? दाद देतो. तिसरा घाव पडला, त्या गप्प झाल्या आणि मी मनापासून म्हणालो, "वा!"

पहिला घणवाला जुना होता म्हणून त्यानं घण हवेतच आवरला. त्याच्या खांद्यातून कट्कन आवाज आला. सासूबाई भाता सोडून आल्या आणि त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी पाण्याच्या हौदावर जाऊन आदळलो. ओठ फाटला. कारागिराच्या पाटावरून सासरे शांतपणे म्हणाले, "नशीब समजा, सांडशी नव्हती हातात." त्यांचा उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, आणि डाव्या हातानं ते त्याची बोटं चाचपत होते. तेव्हा मला कळलं की मी दाद नव्हतो देत, खून करत होतो.

तर हे गाणं बाहेर गेलं कसं? गाण्याबजावण्याच्या एका कंपनीचा ट्रक पाटा मोडून आमच्या दारात बसला. त्यांचा गवई तेलाच्या पिंपावर बसून दिवसभर ऐकत होता. त्याच आठवड्यात त्यानं ते स्टेजवर गायलं आणि आम्हाला फुकट बसवलं. 'वळ आता' म्हणून तो गप्प झाला, एक भुवई उचलून बायकांच्या बाजूला बघितलं, सगळं थिएटर शिट्ट्यांनी फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "लबाड आहे मेला. पण मोकळी ठेवली." त्यांच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र कुणालाच मिळालं नाही. मला तर नाहीच नाही.

मग ते एका बाईनं रेकॉर्डवर गायलं. आवाज म्हणाल तर मध, पण मोकळीत तिनं उसासा टाकला: 'हाय!' गाणं घराघरात गेलं ते त्या 'हाय'मुळे. सासूबाईंनी रेडिओवर ऐकलं, उठल्या, वायर उपटली आणि रेडिओ भट्टीत घातला. रेडिओ माझा होता. मग ते सिनेमात आलं. तिथे मोकळीत नाचणाऱ्या बाईनं कंबर उडवली आणि खाली ढोल, 'ढाण्!' आमचा एक घणवाला तो सिनेमा बघून आला आणि दुसऱ्या दिवशी कामात मोकळी आली तशी त्यानं हळूच कंबर उडवली. नुसती कंबर, आवाज नाही. सासूबाईंनी सांडशीच्या दांड्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले. तो रक्त थुंकत म्हणाला, "अहो, मी बोललो कुठं?" तर म्हणाल्या, "आज कंबर बोलली, उद्या तोंड बोलेल." तो पुन्हा आला नाही.

पुढे एका लालीच्या जाहिरातीत आलं, 'लाल झाली' म्हणत ओठ रंगवणारी. मग पोरांनी ते मशीनवर घालून फास्ट केलं, त्यात मोकळीत एक नाही, तीन तीन हाय. 'हाय हाय हाय!' सासूबाई म्हणाल्या, "मयताला आलेत का मुडदे?" लोक त्यांना म्हणायचे, केस ठोका, तुमचं गाणं आहे. त्या भडकायच्या. "गाणं न्या की! मी काय त्याचं लोणचं घालू? फक्त मोकळी ठेवा म्हणावं." आणि एकदा, फक्त एकदाच, माझ्याशी सरळ बोलल्या. "जावईबापू, ते 'हाय' म्हणतात ना, तेव्हा लोकांना बाई दिसते. मला ह्यांचा हात दिसतो."

ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना काय.

समोरचा टायरवाला तर मुद्दामच करायचा. गिऱ्हाईक यावं म्हणून त्यानं दारात कर्णा लावला आणि दिवसभर तेच, तीन हायवालं. आमचे घण त्यात अडखळायला लागले. सासऱ्यांच्या करंगळीच्या नखाला घण चाटून गेला, नख उडालं. सासूबाईंनी नख उचललं, पदराच्या गाठीला बांधलं, घण खांद्यावर टाकला आणि रस्ता ओलांडला. कर्णा एका घावात चपटा. टायरवाल्यानं चाक काढायच्या टॉमीनं त्यांच्या पाठीत हाणलं, त्या गुडघ्यावर पडल्या. मला वाटलं झालं. मी धावलो तोवर त्या उठल्याही होत्या आणि त्यांनी घणाच्या दांड्यानं त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तो टायरच्या ढिगात पडून गुरासारखा ओरडत होता आणि ह्या त्याला लाथ घालून विचारत होत्या, "आता म्हण हाय! म्हण की! आता शोभेल!"

दोघांनाही कोठडीत घातलं. सासरे जामिनाला आले, आम्ही सगळे टेबलापाशी उभे, आणि हवालदाराचा मोबाइल वाजला. तेच गाणं. आत सासूबाईंनी गजावर कपाळ आपटून घेतलं, रक्त येईपर्यंत. हवालदार घाबरून फोन घेऊन बाहेर पळाला. मी हसलो, खोटं कशाला बोलू. मग सासऱ्यांचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं.

माझा मेहुणा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, तोवर पहिला घण त्याच्याकडे आला होता. सोन्यासारखा पोरगा, पण केस वळवण्याचा आणि सिनेमाचा नाद. न्हाणीत गेला की 'हाय' म्हणायचाच. आईचा मार त्यानं जितका खाल्ला तितका ऐरणीनंही खाल्ला नसेल. पण भट्टीपाशी आला की ओठ शिवलेले. ते मी छातीठोकपणे सांगतो, मी त्याच्या शेजारी दुसऱ्या घणावर होतो. तरी पट्ट्यात सगळे म्हणायचेच, फुंकणीच्या घरात कधी घात झाला तर ह्या पोराच्या तोंडून होणार.

आणि मग आले ते ट्रकचे हॉर्न. ट्रक मागे घेताना वाजतात ना, ते. कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण बघता बघता प्रत्येक ट्रक मागे येताना 'लाल झाली' वाजवायला लागला. आणि आमच्याकडे ट्रक मागेच येतो, मोडतो तो कमानपाटा मागचाच असतो ना! सकाळपासून अंधार पडेपर्यंत टीं टीं टीं, आणि मोकळीत टूं. रेडिओ भट्टीत घालता येतो, टायरवाल्याचं हाड मोडता येतं. गिऱ्हाइकाच्या ट्रकचं काय करणार? त्यावर तर घर चालायचं. सासूबाई कानात कापूस घालून झोपायच्या. बायको म्हणायची, आई झोपेत ओठ हलवते. आम्ही लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी खाणीची मोठी पहार होती. लोखंड चांगलं तापलेलं, घण लयीत, सासूबाईंचा आवाज नेहमीसारखा. मागच्या अंगणात एक ट्रक मागे येत होता आणि त्याचा ड्रायव्हर जागा धरत पुढे-मागे, पुढे-मागे करत होता. टीं टीं टीं टूं. आमची लय आणि त्याची लय जवळजवळ आली, मग एकच झाली. लाल झाली. घाव. मऊ झाली. माझा घाव. वळ आता. तिसरा.

"हाय."

मेहुण्याचा घण खाली आला.

आवाज लोखंडावर पडल्यासारखा नव्हता. ओला होता. सासरे ओरडलेही नाहीत आधी, नुसते ऐरणीकडे बघत राहिले, जणू तो हात दुसऱ्याचा आहे. बोटं कुठली आणि गोणपाट कुठलं ते कळत नव्हतं. तापल्या लोखंडावर रक्त चर्रर्र झालं आणि तो वास माझ्या नाकात शिरला. मग ते ओरडले.

सासूबाई भाता सोडून आल्या त्या थेट मुलावर. सांडशी घेऊन. पहिला घाव कानावर, दुसरा डोक्यात. "मोकळीत बोलतोस? बापाच्या हातावर बोलतोस? मुडद्या, तुला जन्मतानाच का नाही चुलीत घातला!" पोराच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ आला, त्यानं हातही वर केला नाही. त्याला स्वतःलाच वाटत होतं की आपण बोललो. मी ओरडलो, "मामी, तो नव्हता! सोडा त्याला!" आणि मध्ये घुसलो. सांडशी माझ्या जबड्यावर बसली. दाढ हलली, तोंडात रक्त. आजूबाजूची माणसं जमली होती, तीही म्हणत होती, हाणा हरामखोराला, ह्याच्या तोंडून होणार हे ठाऊकच होतं. कुणीतरी मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. पोरगा खाली पडला. सासूबाईंनी सांडशी दोन्ही हातांनी वर उचलली, आणि त्या खेपेला ती डोक्याच्या मधोमध बसली असती.

"अगं, तू म्हणालीस."

सासरे बोलले. फार मोठ्यानं नाही. हात छातीशी धरलेला, सदरा भिजलेला.

"हाय तू म्हणालीस. त्यानं तुझं ऐकलं."

मागे तो ट्रक अजून वाजत होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडातलं रक्त पुसलं आणि मान हलवली, होय म्हणून. त्यांनी तिसऱ्या घणवाल्याकडे बघितलं, त्यानं नजर खाली घातली. सांडशी हातातून सुटली. मग त्या ऐरणीपाशी गेल्या, स्वतःचा उजवा हात तिच्यावर आडवा ठेवला आणि जमिनीवर पडलेल्या मुलाला म्हणाल्या, "ऊठ. उचल घण."

आम्हा दोघा घणवाल्यांना त्यांना तिथून ओढून काढताना नाकी नऊ आले. त्या चावल्या मला. दंडावर खूण आहे.

सासऱ्यांचा हात मनगटापासून काढला. मेहुण्याच्या डोक्याला टाके पडले. बरा झाल्यावर त्यानं आधी काय केलं असेल, तर वायर कापायची कात्री घेऊन दारात बसला. जो ट्रक यायचा त्याचा हॉर्न आधी कापायचा. एक ड्रायव्हर हातघाईवर आला तर त्याला त्यानं दरवाजातून खेचून काढला आणि बदडला, आणि पाटा मात्र नीट करून दिला. लोखंड कुणी तापवायचं, कुणी धरायचं, हा प्रश्न होताच. सासूबाई त्या दिवसापासून गायल्या नव्हत्या. बोलतही नव्हत्या. जेवायला वाढलं तर खायच्या, नाहीतर भिंतीकडे बघत बसायच्या.

एका सकाळी उठून त्या कारागिराच्या पाटावर जाऊन बसल्या. डाव्या हातात सांडशी, उजव्यात ओलं गोणपाट. "मी धरते," म्हणाल्या. "ह्यांना भात्यावर बसवा. एका हातानं ओढता येतो. आणि गातील ते."

सासऱ्यांचा आवाज म्हणजे फुटका डबा. आयुष्यात त्यांनी गाणं म्हटलं नव्हतं. पण बाईपुढे बोलणार कोण? ते भात्यावर बसले. मेहुणा पहिल्या घणावर उभा राहिला. घणाखाली आता आईचा हात होता. मी त्याला म्हटलं, "कान उघडे ठेव, बाकी सगळं विसर."

लोखंड लाल होऊन आलं. सासऱ्यांनी घसा खाकरला, लगेच घाबरून थांबले, आणि मग सुरू केलं. लाल झाली. घाव. मऊ झाली. घाव. वळ आता. घाव. ते गप्प झाले. सासूबाईंनी सळई उलटी केली, पापुद्रे पुसले. आणि हात काढलाच नाही.

तिथेच ठेवला. ऐरणीवर, लोखंडाच्या शेजारी, पालथा. नजर नवऱ्यावर.

पुढचा शब्द 'लाल झाली' यायचा होता. तो आला असता तर मेहुण्याचा घण पडला असता. अंगवळणी पडलेलं असतं ते, मन मध्ये येत नाही. सासऱ्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता.

"म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या ह्या शब्दालाही मेहुण्याचे खांदे हलले. मी त्याचा घण धरला.

सासरे नुसती मान हलवून नाही म्हणाले. भाता थांबवला. भट्टीतले निखारे सूं सूं करत बसायला लागले. सळईचा लाल रंग काळपट व्हायला लागला आणि सासूबाईंच्या मनगटाचे केस जळल्याचा वास आला. तरी हात तिथेच.

"म्हणा हो," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला. "फिटू द्या एकदाचं."

सासरे गप्प. ओठ मिटलेले, दातावर दात. थोटक्या मनगटावर डावा हात ठेवून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही, कारण पुसताना चुकून हुंदका निघाला असता. आम्ही तिघं घण घेऊन उभे, श्वाससुद्धा नाकातून, हळू. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. सळई काळी पडली, पार गार झाली, तरी तो माणूस गप्पच बसला होता. दिवसभर बसला असता. मला तेव्हा खात्रीच पटली की तो मरेपर्यंत बसला असता.

सासूबाईंचा हात हळूहळू आक्रसला. त्यांनी तो उचलला, मांडीवर ठेवला आणि ढसाढसा रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. मग पदरानं नाक पुसलं आणि आमच्यावर खेकसल्या.

"बघता काय मेल्यांनो? गार पडलं ते. परत घाला भट्टीत."